पडीक म्हणू नका: थरात सोलर लावायला आलेल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, जिथून कुठून तुम्ही आमच्या थरच्या वाळवंटात सोलरच्या कामाला आलात त्या सगळ्या इंजिनियर, सर्वेयर, प्रोजेक्ट मॅनेजर, जमिनीची कामं बघणारे आणि त्यांच्या वर ऑफिसात बसून सह्या करणाऱ्या साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची माण तालुक्यातली, जिल्हा सातारा. वय 69. 1987 च्या दुष्काळात एका संस्थेबरोबर नर्सबाई म्हणून जैसलमेर जिल्ह्यात आले, सहा महिन्यांसाठी आले होते, मग इथल्याच एका मास्तरांशी लग्न झालं आणि राहिले ती राहिलेच. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. पोरगा सुरतेला कामाला असतो. ढाणीवर आता मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना मी जीजी म्हणते, कागदावर 78 वय आहे पण त्याहून जास्तच असणार. ढाणी म्हणजे आपल्याकडची वस्ती म्हणा, दोन गोल झोपे म्हणजे झोपड्या, एक पक्की खोली, एक टांका म्हणजे पावसाच्या पाण्याची टाकी, चौदा शेरडं आणि भोवती जमीन. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि तुमच्या कंपनीचंही लिहीत नाही, कारण हे एका गावाचं आणि एका कंपनीचं राहिलेलं नाही, आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये. मला फक्त तुम्ही ऐकायला पाहिजे.

मराठीत लिहितेय कारण ते पहिलं वाक्य मी मराठीतच ऐकलं.

गेल्याच्या गेल्या माघात मी शेरडं घेऊन ओरणाच्या, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानाच्या कडेला होते, जाळ नावाच्या झाडाआड, वारा लागत होता म्हणून. पांढरी गाडी आली, तिघं उतरले, तिकाटणं लावलं, आणि त्यातला एक पोरगा फोनवर बोलत बोलत माझ्याच दिशेनं आला. "अगं आई काही नाहीये गं इथं, नुसतं पडीक आहे सगळं, माणूस पण दिसत नाही." चाळीस वर्षांत या रानात कुणी मराठी बोललेलं मी ऐकलं नव्हतं, अंगावर काटा आला माझ्या. मी पुढे होऊन म्हटलं, बाळा कुठला रे तू. तो इतका दचकला की फोन पडला हातातून. बारामतीकडचा होता. ढाणीवर आणलं, खेजडीच्या झाडाखाली खाट टाकली, चहा दिला, जीजीनं सोगरा म्हणजे बाजरीची भाकरी आणि सांगरीची म्हणजे खेजडीच्या शेंगांची भाजी वाढली, पोरानं दोन वेळा मागून घेतली आणि जाताना पाया पडला दोघींच्या. चांगला पोरगा होता, हे मी मुद्दाम लिहिते. मी त्याला विचारलं की कागदावर काय लिहिणार आमच्या जमिनीचं, तर म्हणाला, मावशी, नकाशावर ही सगळी आधीच पडीक म्हणून दाखवलेली आहे, मी फक्त खुणा करतो.

ज्या सांगरीची भाजी त्यानं दोनदा घेतली ती खेजडी आता नाही. आणि गेल्या आठवड्यात दुसऱ्या टप्प्याच्या लाल खुंट्या ओरणात मारलेल्या दिसल्या, म्हणून हे पत्र.

आधी ही जमीन काय आहे ते सांगते, कारण ते तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही असं मला वाटतं.

इथं वर्षाला 200 मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैत एका दिवसात एवढा पडून जातो. आणि त्यातही एक वर्षाआड दगा देतो. तरी लोक हजार वर्षं इथं राहिलेत, आणि ते कसे राहिलेत तर जमीन वाटून ठेवून. शेताची वेगळी, चराईची वेगळी तिला गोचर म्हणतात, पाणी वाहून येण्याची वेगळी तिला आगोर म्हणतात, आणि देवाची वेगळी ते ओरण. आपल्याकडच्या देवराईसारखं, फक्त आपल्या देवराईत गर्द झाडी असते आणि इथं सेवण गवत, केर, बोरं, जाळ, मधे मधे खेजडी, त्यामुळे गाडीतून बघणाऱ्याला ते रिकामंच दिसतं. ओरणात कुऱ्हाड लावायची नाही. फांदीसुद्धा तोडायची नाही, मेलेली पडलेली तेवढी उचलायची. जनावरं मात्र सगळ्या गावची चरणार. मी लग्न होऊन आल्यापासून आजपर्यंत जीजींनी तिथं हिरवी काडी तोडलेली मी बघितली नाही, एकदा शेरडू काटेरी जाळीत अडकलं होतं तेव्हासुद्धा हातानं काटे बाजूला करत बसल्या, हात रक्तानं भरला पण फांदी नाही मोडली.

महसुलाच्या कागदावर यातली कितीतरी ओरणं सिवायचक म्हणजे सरकारी मोकळी जमीन म्हणून चढलेली आहेत. लोकांनी कधी सातबारा काढून बघितला नाही कारण देवाच्या जमिनीचा कसला सातबारा. आणि तुम्ही तोच कागद बघून येता. कागद चुकीचा आहे एवढं साधं म्हणणं आहे आमचं.

खेजडी तर तुम्हाला माहीत आहे, तुम्हाला माहीत नाही की तुम्हाला माहीत आहे. ही आपली शमी. आमच्या माणात सौंदड म्हणतात. पांडवांनी जिच्या ढोलीत शस्त्रं ठेवली ती, गणपतीला जिची पत्री वाहता ती, दसऱ्याला जिची पूजा होते ती. 1983 पासून राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. मे महिन्यात सगळं रान जळून राख होतं तेव्हा हिला नवी पालवी फुटते, मुळं इतकी खोल जातात. हिच्या सावलीत बाजरी मरत नाही उलट जोमानं येते, म्हणून इथला शेतकरी शेताच्या मधोमध खेजडी ठेवतो आणि नांगर वळवून घेतो. हिवाळ्यात फांद्या छाटायच्या, पाला वाळवायचा, त्याला लूंग म्हणतात, ते शेरडांचं उंटांचं वर्षाचं खाणं. चैत्र वैशाखात कोवळ्या शेंगा, ती सांगरी, उकडून वाळवून ठेवली की दोन वर्षं टिकते. पिकल्या शेंगा म्हणजे खोखा, गोड लागतात, पोरं खातात आणि म्हातारी माणसं पण. संवत 1956 चा जो छपनिया काळ म्हणतात, म्हणजे 1899 ते 1900 सालचा दुष्काळ, त्यात लोकांनी हिची साल दळून भाकरी केली आणि जगले. जीजींच्या आजेसासूनं ती भाकरी खाल्ली होती.

जोधपूरजवळ खेजडली गावात 1730 मध्ये अमृतादेवी बिश्नोईंसह 363 माणसांनी या झाडाला मिठी मारून मान दिली. राजाचे लोक लाकूड तोडायला आले होते. इथं हे पुस्तकातलं नाही, अजून लोक सांगताना रडतात.

आता आमच्याकडे काय झालं ते.

ज्येष्ठ महिना, रात्रीचे दोन वाजले असतील, उन्हाळ्यात आम्ही बाहेर वाळूवर खाट टाकून झोपतो. करवतीचा आवाज आला, मशीनवाल्या. मला वाटलं ट्रॅक्टर आहे. जीजी उठून बसल्या आणि म्हणाल्या, रूंख काटे है. रूंख म्हणजे झाड. दोघी काठी घेऊन निघालो पण काळोखात किती चालणार, त्यांचे गुडघे गेलेले, माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू. पोचलो तोवर उजाडलं होतं आणि गाड्या गेल्या होत्या. लाकूड नेलं होतं, खोडं तेवढी जमिनीलगत, ओली, हात लावला तर चिकट लागत होतं. जीजी एका एका खोडापाशी थांबायच्या, एक खडा उचलायच्या आणि ओढणीच्या पदरात टाकायच्या. एकतीस खडे झाले. दुपारी जेसीबी आला आणि खोडं उपटून खड्ड्यात पुरली त्यांनी, म्हणजे संध्याकाळी कुणी मोजायला आलं असतं तर मोजायला काही उरलं नव्हतं. ते एकतीस खडे जीजींनी टांक्याच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवलेत, अजून आहेत, कुणाला बघायचे असतील तर या.

मी साइट ऑफिसवर गेले. तिथला माणूस सभ्यपणे बोलला, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला रेकॉर्डमध्ये इथं झाडं नाहीत. मी म्हटलं तोडायची परवानगी दाखवा. तर म्हणाला झाडंच नाहीत तर परवानगी कशाची. आणि कंपनी दुसरीकडे दहापट रोपं लावणारच आहे. रोपं बघितली मी, गेटपाशी लावलीत, शोभेची आहेत, टँकरनं पाणी घालतात. आणि समजा खेजडीच लावली, तरी तिला लूंग देण्याजोगी व्हायला किती वर्षं लागतात ते तुम्हीच कुणाला तरी विचारा. जीजींकडे तेवढी वर्षं नाहीत. माझ्याकडे पण नाहीत.

या राज्यात 1955 चा काश्तकारी कायदा आहे, त्यात विनापरवाना झाड तोडलं तर पहिल्या वेळेला दंड 100 रुपये ठेवला. शंभर रुपयांत एकतीस झाडांची किंमत कशी होते ते मला कळत नाही. बिकानेरकडे 2024 मध्ये लोक याच्यासाठी धरणं धरून बसले, थंडीत वाळूवर बसली म्हातारी माणसं.

झाडाबद्दल मी जास्त बोलले, बोलणारच, पण आमच्या रोजच्या जगण्यातलं बाकीचं पण ऐका.

पाणी. टांका म्हणजे जमिनीत गोल खोदून बांधलेली टाकी, वर घुमटी, कुलूप लावायची झडप, आणि भोवती जरा उताराची झाडून पुसून ठेवलेली जमीन, तोच आगोर. पावसाळ्याआधी जीजी तो आगोर आजही स्वतः झाडतात, एक एक काडी वेचतात, आणि तिथं चपला घालून जायचं नाही, शेरडं सोडायची नाहीत, कारण त्या जमिनीवरून वाहिलेलं पाणी वर्षभर प्यायचं असतं. पावसाच्या पाण्याला इथं पालर पाणी म्हणतात, सगळ्यात गोड. आमच्या टांक्याच्या वरच्या अंगाला तुम्ही केबलसाठी चर खणला आणि त्याची माती आणि खडी आगोरात टाकली. मी तेव्हाच सांगायला गेले होते. सुपरवायझर म्हणाला, ही तर मोकळी जागा आहे माँजी. गेल्या श्रावणात पाऊस झाला, चांगला झाला, आणि सगळं पाणी चरातून तुमच्या कुंपणाच्या आत गेलं. टांका निम्मासुद्धा भरला नाही, पौषात तळ दिसला. तेव्हापासून टँकर विकत घेतो, एकाला बाराशे रुपये. आम्हा दोघींची वृद्धपेन्शन प्रत्येकी साडेबाराशेच्या घरात आहे, म्हणजे एकीची पेन्शन पाण्यात. आणि ती पेन्शन सुद्धा दरवर्षी हयातीची पडताळणी झाली तर, जीजींच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत, आयुष्यभर दोर ओढून आणि वाळूनं भांडी घासून बोटं गुळगुळीत झालीत, दोन दोन वेळा जावं लागतं.

भांडी आम्ही वाळूनंच घासतो. अंघोळ परातीत बसून, ते पाणी बोरीला. कपडे धुतलेलं पाणी अंगणात शिंपडायचं. एक तांब्या जास्त लागला तर दोघी एकमेकींकडे बघतो. मला 1972 आठवतो, मी पंधरा वर्षांची होते, आईबरोबर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि सुकडी मिळायची, तेव्हाही पाण्यासाठी असंच होतं, पण तेव्हा पाऊसच नव्हता. यावेळी पाऊस होता.

तुम्ही पॅनेल धुवायला पाणी कुठून आणता ते आम्हाला कुणी सांगत नाही. कुणी म्हणतं कालव्याचं, कुणी म्हणतं बोअरचं. सांगा ना उघड, लपवायचं काय त्यात.

वाट. आमच्या ढाणीपासून आरोग्य केंद्रापर्यंत ओरणाच्या कडेनं पायवाट होती, तीन किलोमीटर. शंभर वर्षांची वाट असेल, उंटांची. आता मधे कुंपण आलं, वळसा घालून सात साडेसात होतात. तरण्या माणसाला मोटारसायकल आहे. म्हातारीनं काय करायचं? गेल्या मार्गशीर्षात रात्री जीजी पडल्या, खुब्याला लागलं. जीप मिळाली ती पण वळसा घालून आली आणि वळसा घालून गेली, वाळूत एकदा रुतली, सगळे मिळून ढकलत होते, आणि कुंपणाच्या आत तुमचा रस्ता सरळ, दिवे लागलेला, रिकामा. मी गेटवर विनवलं होतं की पाच मिनिटांसाठी आतून जाऊ द्या. पोरगा म्हणाला ऑर्डर नाही. त्याच्यावर मी रागावले नाही, तो पण इथलाच, आमच्याच शेजारच्या ढाणीतला, बारा तास उभा राहतो आणि नोकरी गेली तर दुसरी नाही. पण ऑर्डर देणारा कोण आहे त्याला मी विचारतेय. जीजींचं हाड मोडलं नव्हतं हे आमचं नशीब.

आणि एक लाजेची गोष्ट आहे पण लिहायला पाहिजे कारण कुठल्या अहवालात ती येणार नाही. संडास बांधलेत सरकारनं, पण जिथं प्यायला पाणी तोलून वापरतो तिथं संडासात काय ओतणार. बायका पहाटे ओरणात जायच्या, जाळीच्या दाट झुडपाआड, तिथं आडोसा होता. जाळ काढली, कुंपण आलं, कुंपणावर कॅमेरे आले, उंचावर दिवे आले. आता ऐंशीची म्हातारी पहाटे साडेतीनला उठून उलट्या दिशेला टेकाडामागे जाते, काठी टेकत, अंधारात, सापाविंचवाची भीती. तुमच्या घरातल्या आजीला डोळ्यासमोर आणा आणि मग मला सांगा की ही जमीन रिकामी होती.

शेरडांचं सांगते. आधी बावीस होती, आता चौदा. लूंग नाही, ओरणाचा निम्मा भाग बंद, चारा विकत घेऊन शेरडं परवडत नाहीत. म्हाताऱ्या माणसाचं शेरडू म्हणजे बँक, औषधाला पैसे लागले की एक विकायचं. 2022 ला लम्पी आली तेव्हा या भागात गाई पटापट मेल्या, आमच्या दोन्ही गेल्या, तेव्हा शेरडांनी तारलं. आणि सांगरी-केर. केर म्हणजे आपली नेपती, काटेरी झुडूप, त्याची हिरवी फळं ताकात मुरवून कडूपणा काढायचा. वैशाखाच्या उन्हात आम्ही दोघी सकाळी सहा ते नऊ तोडायचो, घरी आणून निवडायचो, वाळवायचो. वाळलेली सांगरी शहरात हजार रुपये किलोच्या पुढे जाते, आम्हाला त्यातलं फार मिळत नाही, पण दिवाळीपर्यंत चहा साखर तेल त्याच्यातून निघायचं आणि मुख्य म्हणजे जीजींना वाटायचं की मी अजून कमावते. परवा मी म्हटलं, चला जाऊ केर तोडायला, आहेत अजून थोडी झुडपं. म्हणाल्या, कुठे जाणार, सगळीकडे तार आहे. आणि खाटेवर तोंड फिरवून झोपल्या. या बाईला दिवसा झोपलेलं मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

माळढोक. सोलापूरच्या लोकांना सांगायला नको, नान्नजला 1979 मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य केलं आणि आता तिथं माळढोक दिसला तर बातमी होते. इथं त्याला गोडावण म्हणतात, देशात उरलेले साधारण दीडशे, त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात. जड पक्षी आहे, समोरचं नीट दिसत नाही त्याला, तार दिसेपर्यंत आदळतो. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, 2024 मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली. मास्तर शाळेतून येताना सांगायचे, आज गोडावण दिसला, आणि त्या दिवशी घरात गोड व्हायचं. आमच्या ओरणावरून आता तीन हाय टेन्शन लाइनी जातात, रात्रभर घूं घूं आवाज येतो. आणि आमच्या ढाणीवरची लाइट उन्हाळ्यात रोज जाते, ते वेगळंच.

आता कुणी म्हणेल या बाईचा सोलरला विरोध आहे. अजिबात नाही हो. 19 मे 2016 ला फलोदीला 51 डिग्री तापमान झालं होतं, देशात नोंदलेलं सगळ्यात जास्त, त्या दिवशी आम्ही इथं होतो, ओली चादर अंगावर घेऊन झोप्यात पडून होतो आणि चादर पंधरा मिनिटांत वाळत होती. कोळसा जाळून हे सगळं अजून तापतंय हे मला कळतं, मी वाचते. भडला इथं 14,000 एकरावर 2245 मेगावॉटचा पार्क झाला, तो मी बघून आलेय, डोळे दिपतात, आणि ज्या माणसांनी त्या धुळीत त्या उन्हात ते उभं केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. बारामतीच्या त्या पोराबद्दल सुद्धा आहे. सूर्य आमचाच आहे, घ्या की. फक्त तो घेताना ज्यांच्या डोक्यावर तो आयुष्यभर तापला त्यांच्या पायाखालचं काढून घेऊ नका. या जिल्ह्यात खरंच उघडी जमीन आहे, दगडाची, मिठाची, जिथं ना ओरण ना आगोर. गावातला कुणीही म्हातारा दाखवेल तुम्हाला. विचारलंच नाही कुणी.

आमचं मागणं मी इथं लिहिते, आसपासच्या ढाण्यांवरच्या सगळ्यांशी बोलून लिहिते.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओरणातल्या लाल खुंट्या काढा. कागदावर सिवायचक असो नाहीतर काहीही असो. 18 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकारला सांगितलंय की अशा प्रत्येक देवराईची, ओरणाची जागेवर जाऊन आणि उपग्रहावरून मोजणी करा आणि त्यांना वनाचा दर्जा द्या. आमच्या ओरणाची ती मोजणी होईपर्यंत तुम्ही हात लावू नका. हे तुमच्या हातात आहे, त्यासाठी कुठल्या मंत्र्याची सही लागत नाही.

खेजडी, रोहिडा, जाळ, केर जिथं उभे आहेत तिथं उभे राहू द्या, पॅनेलच्या ओळी वळवा. शेतकरी लाकडी नांगर वळवतो तर तुमच्याकडे तर कॉम्प्युटर आहे. आणि जिथं तोडायचंच असेल तिथं परवानगीचा कागद, झाडांची संख्या, तारीख, हे गेटवर हिंदीत लावा आणि दिवसा तोडा.

सर्वे करायला आलात की गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या, बाई असेल तर उत्तम, आणि तिच्याबरोबर पायी जमीन फिरा. आगोर कुठला, बेरी म्हणजे छोटी विहीर कुठली, उंटांची वाट कुठली, कुणाला कुठं पुरलंय, सगळं ती दाखवेल. एक सकाळ लागते. ग्रामसभा घेतली असं कागदावर दाखवतात, आम्ही दोघी ढाणीवरच होतो, आम्हाला कुणी बोलावलं नाही.

कुंपणात दर अर्ध्या किलोमीटरला माणूस आणि शेरडू जाईल एवढं फाटक ठेवा, आणि आजारी माणसाची गाडी असेल तर आतला रस्ता रात्री सुद्धा उघडायची लेखी ऑर्डर गेटवरच्या पोराला द्या, म्हणजे त्याची पण नोकरी जाणार नाही.

पॅनेल धुवायचं पाणी कुठून येतं आणि किती येतं ते लिहून लावा.

एक फोन नंबर द्या ज्याच्यावर माणूस बोलेल. मी आतापर्यंत चार अर्ज दिलेत, एकाचं उत्तर आलं, इंग्रजीत, तेही भाच्याला पुण्याला फोटो पाठवून वाचून घेतलं, त्यात फक्त अर्ज मिळाला एवढंच होतं.

आणि ज्या ढाण्यांच्या अंगणातून तुमच्या तारा जातात त्यांच्या छपरावर दोन दोन पॅनेल लावून द्या. हे शेवटी लिहिलं कारण हे झालं आणि वरचं काही झालं नाही तर आम्हाला ते नको.

तुमच्यातल्या तरुण पोरापोरींना एक वेगळं सांगायचंय. तुम्ही माणदेश, जत, सांगोला, आष्टी, पाटोदा इकडचे असाल तर तुमच्या आजोळी पण अशीच एखादी म्हातारी असेल जिचं शिवार कुणीतरी गाडीतून बघून पडीक म्हणेल. तुमच्या हातात तो फॉर्म असतो, त्यात शेरा लिहायची जागा असते, बारामतीच्या पोरानं मला दाखवली होती. त्या जागेत खरं लिहा. इथं एकतीस खेजड्या आहेत, इथं टांक्याचा आगोर आहे, इथून पायवाट जाते. साहेब ते वाचेल न वाचेल, पण उद्या कुणी कोर्टात गेलं तर कागदावर असेल.

आणि तो पोरगा हे वाचत असेल तर, बाळा, तुझ्यावर राग नाही. ये कधीतरी. यावर्षी सांगरी नाही पण कढी करेन.

आज वैशाखाची सुरुवात आहे. इथं पाऊस आला तर आषाढाच्या अखेरीला येतो, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम तीन महिने धरा. जीजींनी खराटा काढून ठेवलाय, खुबा दुखतो तरी आगोर त्या झाडणारच आहेत, पण चराची ती माती आणि खडी आम्हा दोघींच्यानं उचलली जात नाही. तुमच्या जेसीबीला अर्ध्या दिवसाचं काम आहे. पाऊस पडायच्या आत एवढं तरी करा.

आपली,
माणची मावशी
एक ढाणी, जिल्हा जैसलमेर